सत्तावीस इंची टायर

मापाच्या बाबतीत बाइंडरला कुणी कधी खोटं पाडलं नव्हतं. पुठ्ठा पानांपेक्षा केसभर जास्त निघाला तर पट्टी न लावता, नुसता अंगठा फिरवून तो सांगायचा. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली होती, उगाच नाही! आणि असा हा माणूस सायकलचे दोन टायर आणायला गेला आणि सपशेल तोंडावर आपटला.

सायकल दादाची, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची. तरुणपणी दादा शर्यतीत उतरायचा ती हीच. खाली वळलेलं हँडल, पोलादी सांगाडा, अरुंद चाकं. दादा परमुलखात नोकरीला गेला तेव्हा "सांभाळ रे हिला" एवढंच म्हणाला. बाइंडरने ती इतकी सांभाळली की विचारू नका. कटिंग मशीन आणि कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये तिची जागा ठरलेली. दर रविवारी तेलाचा फडका. स्वतः मात्र एकदाही बसला नाही. त्याची बायको म्हणायची, "त्यातला निम्मा फडका माझ्यावर फिरवला असता तर मीही चकाकले असते हो!"

टायर मात्र कधीच संपले होते. रबर भेगाळून पापुद्रे सुटलेले. बसणाराच नाही तर टायर कशाला, म्हणून इतकी वर्षं तसंच चाललं. पण दोन महिन्यांपूर्वी दादाचा फोन आला. म्हणाला, "या थंडीत चार दिवस येईन म्हणतो. सायकल आहे का रे अजून? एक चक्कर मारू."

अकरा वर्षं झाली होती दादाला येऊन. त्या दिवशी बाइंडरने एका जाडजूड शब्दकोशाला उलटी पाठ चिकटवली.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवाल्याकडे गेला. सायकलवाला त्याच्याच वयाचा, तोंडाने फटकळ, हाताने चांगला. त्या दिवशी नेमका तो बाहेर होता. गल्ल्यावरच्या सुनेने रेसच्या सायकलचे म्हणून सातशे नंबरचे दोन टायर दिले. दिसायला अगदी तसेच! बाइंडर खुशीत घरी आला आणि टायर चढवायला बसला. एक कड गेली. दुसरी काही केल्या जाईना. अंगठे सोलले, स्वयंपाकघरातले दोन चमचे वाकले, तरी शेवटची वीतभर कड रिमच्या बाहेरच.

इथे आपल्या बाइंडरने डोकं चालवलं. कातडी बांधणीत कातडं अपुरं पडलं तर काय करतात? भिजवतात, ताणतात, दाबून ठेवतात. मग काय, दोन्ही टायर कोमट पाण्यात बुडवले, आत लाकडी पाचरी ठोकल्या आणि तीन दिवस पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात आवळून ठेवले. बायको येता-जाता बघायची.

"आणखी चार दिवस ठेवा," ती म्हणाली, "मोड येतील."

तीन दिवसांनी टायर जिथल्या तिथे. तेव्हा तो मुकाट ते काखोटीला मारून परत दुकानात गेला. सायकलवाल्याने सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, रबर ताणेल! पण कडेच्या आत पोलादी तार असते, ती कशी ताणणार? तुमची चाकं जुनी सत्तावीस इंची. हे सातशेचे. आठ मिलीमीटरचा फरक आहे दोघांत."

"आठ?" बाइंडरचा चेहरा पडला. आठ मिलीमीटर म्हणजे त्याच्या धंद्यात मैलभर अंतर. आणि त्याने चाकाला साधी पट्टीसुद्धा लावली नव्हती. दादा येणार या आनंदात हाताचं मापच सुटलं होतं.

"सत्तावीस आता कोण वापरतं?" सायकलवाला म्हणाला. "चाकंच बदला ना. नवी टाकून देतो."

"नाही. दादाने ठेवली तशीच हवी."

मग सुरू झाली वणवण. शाळेची वह्या-पुस्तकं पोचवायला गेला की वाटेतल्या प्रत्येक सायकलच्या दुकानात डोकं घालायचं, टायरच्या कडेवर सहाशे तीस हा आकडा शोधायचा. तोच खरा आकडा, कडेचा मिलीमीटरमधला व्यास, सायकलवाल्याने कागदावर लिहून दिलेला; सातशे हे नुसतं नाव. एका माळ्यावर खरोखरच सापडली एक जोडी. याने हरखून टायर जरासा वाकवला, तर बिस्किटासारखा कटकन तुटला. बाइंडरला रडूच फुटायचं राहिलं. घरी येऊन तो जेवलाही नाही.

"टायरसाठी एवढं कुणी झुरतं का?" बायको जवळ बसत म्हणाली. "तुम्हाला टायर नकोत. तुम्हाला भाऊजी हवेत."

"मग? हवाच आहे," तो म्हणाला. "माझा एकच भाऊ आहे. हल्ली त्याचा आवाज फोनवर म्हाताऱ्यासारखा येतो. मी अजून त्याला तसा बघितलेलाही नाही."



पाचव्या आठवड्यात सायकलवाल्याचा निरोप आला, "या, तुमचे पाहुणे आलेत!" कुठल्याशा गोदामातून त्याने जोडी उकरून काढली होती. पिवळसर कडेची, मऊ, आणि कडेवर स्वच्छ सहाशे तीस. या खेपेला बाइंडरने आधी पट्टी लावली, मग फीत, मग पुन्हा पट्टी. घरी आणून चढवले तर टायर नुसत्या अंगठ्यांनी बसले. हवा भरली. चाक उचलून फिरवलं तर कुठे म्हणून डगमग नाही. बायकोने दारातूनच विचारलं, "झालं का एकदाचं?" आणि तो मान डोलवून लहान पोरासारखा हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला.

"अरे, या खेपेला काही जमत नाही बघ. गुडघे फार धरलेत. पुढच्या वर्षी बघू." मग म्हणाला, "आणि ती सायकल देऊन टाक कुणाला तरी. किती दिवस सांभाळणार?"

बाइंडर चाकावर हात ठेवून उभा होता. जन्मात कधी दादाशी खोटं बोलला नव्हता तो.

"देऊ कशी?" तो म्हणाला. "टायरच नाहीत तिला. सगळं गाव पालथं घातलं, मिळतच नाहीत."

बायको हातातलं काम टाकून बघतच राहिली.

"मिळत नाहीत म्हणजे काय?" दादाचा आवाज एकदम चढला. जुना, दटावणारा आवाज. "इथे असतील की! माप सांग. पाठवून देतो."

"पाठवू नकोस. सातशे माथी मारतात. तू स्वतः हातात घेऊन बघ, कडेवर सहाशे तीस आहे का ते. आणि येताना घेऊन ये."

पलीकडे खुडबुड झाली. दादा कागद शोधत होता. "हं, सांग. सहाशे...?"

"तीस."

"पुढचा की मागचा?"

"दोन्ही, दादा."

फोन ठेवल्यावर बायकोने कमरेवर हात ठेवले. "आणि खरंच आले टायर घेऊन, तर काय तोंड दाखवणार?"

"दोन थोबाडीत देईल," बाइंडर म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. "देऊ दे. त्यासाठी तरी यावं लागेल ना त्याला."