सोमवार पाळणारं इंटरनेट

आमच्या घरातलं इंटरनेट सोमवार आणि गुरुवार कडक पाळत असे. संकष्टीसुद्धा. ही थट्टा नाही, माझ्याकडे वहीत तशी नोंद आहे.

मी बंदराजवळच्या एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायचं काम करतो. त्यामुळे उरणजवळच्या आमच्या गावात मला सगळे इंजिनियर म्हणतात. (मी बी.कॉम. आहे. हे मी कुणाला मुद्दाम सांगत नाही.) घरात आई, बाबा, मी आणि माझी बायको वैशाली. बाबांचं उभं आयुष्य मिठागरात गेलं. आईचं आयुष्य बाबांना 'जेवाया चला' म्हणून हाका मारण्यात गेलं. आणि इंटरनेट आमच्याकडे टेलिफोनच्या जुन्या काळ्या वायरीतून येतं, ज्याला डीएसएल म्हणतात ते. मागच्या अंगणाच्या टोकाला खांब आहे. तिथून ती वायर अंगण ओलांडून माजघराच्या खिडकीपाशी आत शिरते.

पावसाळाभर हे नेट घोड्यासारखं धावलं. गावातल्या सगळ्यांचं बंद पडलं तरी आमचं चालू! दिवाळी झाली, आभाळ स्वच्छ झालं, आणि नेटनं मान टाकली. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला जे बसायचं, ते दुपार कलल्यावरच उठायचं.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण वैशालीला एक फोन आला. परदेशातल्या मराठी मुलांना घरबसल्या ऑनलाइन मराठी शिकवायचं काम होतं. त्याआधी चाचणी म्हणून एक तास घेऊन दाखवायचा. महिनाभरानं, वार बुधवार, वेळ सकाळी अकरा, विद्यार्थिनी ऑस्ट्रेलियातली सात वर्षांची आर्या. तास मध्येच तुटला तर काम दुसऱ्या कुणाला तरी मिळणार, हे त्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

वैशालीचं डी.एड. झालंय. लग्नाला आठ वर्षं झाली. दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडे नकार आला. मग तिनं तो विषयच काढायचं सोडलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "त्या फोनवरच्या बाई मला मॅडम म्हणाल्या. आठ वर्षांनी कुणीतरी मॅडम म्हणालं मला. तेवढं नेटचं बघा हं."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोड." (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा कुणाचं तरी नुकसान झालंय.)

आता साधा मार्ग होता. जुनं डीएसएल सोडायचं आणि फायबर घ्यायचं. पण आमच्या घरात साध्या मार्गाला बाबा आडवे असतात.

"काय गरज हाय?" बाबा म्हणाले. "मिठागरात खाडीचं पानी घ्याच्या उघाडीचं दार मी मोठं केलं म्हंजे मीठ ज्यादा व्हतं काय? पानी यीतं हलूहलू, तापतं हलूहलू, मंग मीठ पडतं. तुमाला सगलं यकदम पायजे!"

"बाबा, हे मीठ नाही. नेट आहे."

"वायरीतनंच यीतं ना? मंग उघाडीच झाली ती!"

आईनं मात्र एकच प्रश्न विचारला, आणि तोही जरा काळजीनंच. "नवीन लावलं तर ही मागची काली वायर काडून नेतील काय रं?"

मला आईबद्दल माया वाटली. याच वायरीतून मामाचे फोन यायचे, माझ्या नोकरीची बातमी आली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीनं म्हणालो, "जीव अडकतो गं वस्तूंत. चालायचंच." आई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली.

शेवटी मी जाहीर केलं, की आधी रोग शोधू, मग औषध. माझी दुपारपाळी असल्यामुळे सकाळ मोकळी. वही आणली. रेघा मारल्या. मोडेम फ्रिजवर ठेवून पाहिला, कपाटावर ठेवून पाहिला, देवघराशेजारी ठेवून पाहिला. (तिथे बाबांनी त्याला कुंकू लावलं.) ऊन लागून वायर ढिली पडते, असा एक सिद्धांत मांडला. शेजारचं पोरगं आपलं नेट चोरतंय, असा दुसरा मांडला. त्या पोराच्या बापानं चार शब्द सुनावल्यावर तो मागे घेतला.

आणि तीन आठवड्यांनी वहीतून जे निघालं, ते बघून माझे डोळे पांढरे झाले. मंगळवारी नेट खराब. बुधवारी खराब. शुक्रवार, शनिवार, रविवार खराब. सोमवारी झकास! गुरुवारी झकास! मधे एक मंगळवार चांगला निघाला, तर कालनिर्णयाच्या पानावर त्या दिवशी अंगारकी संकष्टी!

बाबांनी वहीला हात जोडले. "बघ! चांगलं वलन हाय त्याला. आनि तू बदलाया निघालास! परीक्षा सोमवारी घे, सुनबाय."

"वार त्यांनी दिलाय, बाबा. बुधवार," वैशाली बारीक आवाजात म्हणाली. तिच्या हातात अक्षरांची रंगीत कार्डं होती. रात्री बसून स्वतः कापलेली. ती बघितली आणि मी बाबांना न विचारता फायबरवाल्याला फोन लावला.

"साहेब, मंगळवारी सकाळी पक्का!" तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी मीच फोन केला. "साहेब, खांबावर चढनारा मानूस काल हळदीला गेला ना, आज लग्न आहे. उद्या येतोच."

आमच्याकडे हळदीला गेलेला माणूस लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही लवकर उठत नाही, हे मला कळायला हवं होतं. म्हणजे बुधवार आला, फायबर नाही, आणि सगळा भार त्या जुन्या वायरीवर!

अकराला पाच मिनिटं कमी. मी सगळ्यांचे मोबाइल बंद केले. टीव्ही बंद केला. पंखाही बंद केला (त्याचा संबंध नव्हता, पण परिस्थिती गंभीर वाटावी म्हणून). वैशाली नवी साडी नेसून माजघरात खिडकीकडे पाठ करून बसली. पडद्यावर दोन वेण्यांची आर्या आली. "नमस्कार मॅडम."

मॅडम! वैशालीचा चेहरा असा काही उजळला की मला आमचं लग्न आठवलं. (लग्नात ती एवढी खूश दिसली नव्हती.)

पाच मिनिटं छान गेली. आणि मग आर्या तोंड उघडं ठेवून थांबली. वैशालीनं माझ्याकडे बघितलं.

मी मागच्या दारानं खांबाकडे धावलो. आणि अंगणात जागच्या जागी खिळलो.

आई स्टुलावर उभी होती. शेजारी ओल्या बोंबलांची पाटी. जबड्यात जबडा अडकवून एकेक जोडी ती मन लावून वाळत घालत होती. अर्धं अंगण बोंबलांनी लगडलं होतं. आणि त्या ओझ्यानं टेलिफोनची काळी वायर जमिनीकडे लोंबत होती!

"आई!!"

"वराडतोस कशाला? मांजर आली काय?"

"हे बोंबील कशावर घातलेस?"

"वायरीवर. रोजच घालतंय सकाली, आज मासली उशिरा आली. दोरी तूच नेलीस ना, दिवाळीला नवीन टेबल टेम्पोवर बांदून आनाया? टेम्पोबरोबर दोरी पन गेली. मी तुला इचारलं, मागच्या वायरीवर घालू काय? तू त्या टेबलाखाली मुंडी घालून वायरी जोडत व्हतास. बोल्लास, 'घाल खुशाल, त्यात करंट नसतो.'"

डोक्यात सगळा उजेड एकदम पडला. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला आमच्या घरात मासळीला हात लागत नाही. पावसात बोंबील वाळत घालत नाहीत. नेट उपास करत नव्हतं, आम्ही करत होतो! आणि बोंबील मला रोज दिसत होते. पण बोंबील कशावर आहेत, हे कोण बघतो? वर रोज जेवताना मीच म्हणत होतो, "आई, यंदा बोंबील काय सुरेख वाळलेत!" तीन आठवडे मी वहीत पुरावा शोधत होतो आणि ताटात तो भाकरीबरोबर खात होतो.

पण विचार करायला वेळ नव्हता. मी भराभर बोंबील उतरवायला लागलो. खाली टाकावेत तर आई ओरडते, "मातीत नको रं!" मग गळ्यात घातले, खांद्यांवर घातले, दंडावर घातले. तरी आतून वैशालीचा आवाज नाही! बघतो तर खिडकीपाशी वायरीचा जोड खाऱ्या पाण्यानं कुजून अर्धा सुटलेला. कोपऱ्यातला बांबू घेतला आणि वायर वर उचलली.

बाबा खिडकीत आले. "वर घे! आजून वर! जरा डावीकडं! थांब, थांब... आली! भरती आली!"

आतून वैशालीचा आवाज वाहायला लागला. "हं आर्या, आता हे अक्षर बघ..."

बांबू सूतभर खाली आला की आवाज बंद. मग तसाच उभा राहिलो. पस्तीस मिनिटं! दोन्ही हात वर, अंगावर पाच-सहा डझन बोंबील, पायाशी घुटमळणारी तीन मांजरं. कुंपणापलीकडून शेजारच्या काशीबायनं विचारलं, "नितीनला काय झालं गं?"

"ऑफिसचं काम हाय त्याचं. घरनंच करतंय हल्ली," आई म्हणाली.

एवढ्यात डोळे चोळत फायबरवाला आला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साहेब, नवीन नेट इथंच लावायचं ना?" मग जरा थांबून, "काय घाई नाय. तुमचं होऊ दे."

तास संपला. वैशाली धावत बाहेर आली. डोळे भरलेले. "अहो, मिळालं काम! मधे अडकलं तेवढं चालवून घेतलं त्यांनी. सोमवारपासून!" आणि मला बोंबलांसकट मिठी मारायला आली. वाटेत वास आल्यावर थांबली, पण आली होती हे खरं.

आता प्रश्न उरला फायबरचा. फायबरवाला प्रामाणिक निघाला. "जोड बदलला आनि मासळी उतरवली, तर जुनं पन चालेल," म्हणाला. बाबांनी मिशीला पीळ दिला. मी वही काढली. पण वैशाली म्हणाली, "फायबर लावा. पुढच्या दारानं घ्या, आईंचा हात पोचणार नाही असं. पहिल्या पगारातून मी देईन." तिनं हे मॅडमच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे चर्चाच झाली नाही. जुनी वायर आईकडे राहिली. अंगणात ती अजून आहे आणि पूर्ण क्षमतेनं काम करते.

दुपारी जेवताना माझ्या ताटात तळलेले ताजे बोंबील होते. वैशाली हसू दाबत म्हणाली, "अहो, तास संपल्यावर आर्याच्या आईनं विचारलं, तुमच्या मागच्या खिडकीत गळ्यात मासे घालून, हात वर करून कोण उभं होतं?"

माझा घास हातातच राहिला. "मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमचे इंजिनियर आहेत. लाइन बघतायत."