वहिनींचा घसा

वहिनींचा घसा ठणठणीत होता. जन्मात कधी त्याने कुरकूर केली नव्हती. माहेरी असताना त्यांच्या एका हाकेसरशी निम्म्या गल्लीतली पोरं घरी पळत, त्यात दुसऱ्यांचीही असत. तरीही परदेशातल्या त्या धुलाई-कारखान्याच्या दारात वहिनी रोज उभ्या राहत त्या गळ्याला मफलर गुंडाळून, चेहऱ्यावर घसा बसल्याचं दुःख आणून. दुःख आणायला कष्ट पडत नव्हते. भीतीने चेहरा आपोआपच तसा होई.

या मफलरच्या मुळाशी होत्या वन्सं, म्हणजे नणंदबाई. त्या देशात त्या जुन्या. तिथली भाषा अशा बोलत, की तिथल्याच माणसांनी शिकवणी लावावी. वहिनी, त्यांचे यजमान आणि लेक वन्संच्याच घरात मागच्या खोलीत राहत. यजमान कामाला होते त्या कारखान्याला टाळं लागलं. नवरा-बायकोपैकी एकाला तरी पक्कं काम नसेल तर तिघांचा राहण्याचा परवानाच रद्द. लेक तिकडच्या शाळेत रुळली होती, मैत्रिणींशी त्यांच्या भाषेत भांडू लागली होती. तिला आता उपटून कुठे लावायची?

यजमान रोज काम शोधायला बाहेर पडत आणि रोज जरा जास्त वाकून परत येत. अशात वन्संना कळलं, की हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या कारखान्यात बायका हव्या आहेत. अट एकच, आधी फोनवर मुलाखत. भाषा निदान कामापुरती यायला हवी.

वहिनींना 'हो', 'नाही', 'धन्यवाद' आणि लेकीकडून कानावर पडलेली एक शिवी, एवढीच भाषा येत होती.

"अगं वहिनी, त्यात काय! तुझ्या नावाने मी बोलते," वन्सं म्हणाल्या. "फोनवर तोंड थोडंच दिसतंय?"

"अहो वन्सं, पण मग नंतर?"

"नंतर घड्या घालायच्या आहेत. भाषण नाही ठोकायचं."

वन्संचं एक आहे. काम हाती घेतलं की त्या ते मापात करत नाहीत. मुलाखतीत त्या इतकं झकास बोलल्या, की पलीकडची मुकादमीण खो खो हसली आणि म्हणाली, अशीच बोलकी बाई आम्हाला हवी होती. वन्संनी हे सांगितलं, ते ऐकता ऐकता गॅसवरचं दूध उतू गेलं तरी वहिनींना कळलं नाही.

"आता मी बोलकी कुठून आणू?"

"घसा बसलाय असं दाखव. मफलर गुंडाळ. पहिला महिना चाचणीचाच असतो, तेवढ्यात चार शब्द येतील तोंडात."

तर असा मफलर. कारखान्यात सगळीकडे वाफ, साबणाचा उग्र वास आणि यंत्रांची घरघर. मधोमध इस्त्रीचं अजस्र यंत्र. त्याच्या तापलेल्या रोलरांमध्ये एकीकडून ओली चादर शिरे आणि दुसरीकडून कडक, सपाट होऊन बाहेर पडे. वहिनींना घडीच्या टेबलावर उभं केलं होतं. त्या कामात त्या कुणाला हार गेल्या नसत्या. पण रोज सकाळी मुकादमीण यायची. दारात मावणार नाहीत असे तिचे खांदे. ती आपल्या गळ्याला बोट लावायची, मग त्या रोलरांकडे दाखवायची आणि मोठ्या आवाजात काहीतरी लांबलचक सांगायची. वहिनींनी अर्थ लावला तो असा: खरं काय ते बोल, नाहीतर तिथून घालते आणि सपाट करून काढते.

वहिनी खोकत.

मग मुकादमीण मफलरची टोकं त्यांच्या एप्रनमध्ये खोचून द्यायची. वहिनींना वाटे, झडती चाललीय. बरं, बाई दुष्ट असती तर एक वेळ सोपं गेलं असतं. पण ती कपभर गरम पाणी आणून द्यायची, खिशातून चघळायच्या गोळ्या काढायची. ते पाणी गिळताना वहिनींचा घसा खरोखरच दुखायचा.

"जमतंय ना गं?" यजमान विचारत.

"न जमायला काय झालं!"

"आई, घरी तरी खोकू नकोस ना," लेक म्हणे.

आणि एक दिवस वहिनींना सकाळच्या पाळीला लवकर जावं लागलं; आदल्या दिवशीच मुकादमिणीने घड्याळावर बोट ठेवून तसं सांगितलं होतं. वन्सं आपली रात्रपाळी करून नुकत्याच आडव्या झाल्या होत्या, त्यांना याचा पत्ता नव्हता; वहिनी अजून घरीच आहेत असं त्या धरून चालल्या होत्या. कारखान्यात मुकादमिणीने अजूनही तोच मफलर बघितला, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि मोबाईल काढला. घरच्या माणसांनाच सांगावं, हिला डॉक्टरकडे न्या, असा तिचा विचार असावा. हात ओले होते म्हणून तिने स्पीकर लावून मोबाईल टेबलावर ठेवला.

घंटा वाजू लागली तेव्हा कुठे वहिनींच्या लक्षात आलं, की इथे नंबर दिलाय तो वन्संचा.

'उचलू नका हो वन्सं. देवाशपथ उचलू नका.'

वन्संनी उचलला. कारखान्याचा नंबर बघून, झोपेतच, सवयीने, मधाळ आवाजात त्यांनी वहिनींचं पूर्ण नाव सांगितलं आणि मीच बोलतेय म्हणाल्या. आवाज अगदी खणखणीत.

घडी घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. मुकादमिणीने मोबाईलकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग पुन्हा मोबाईलकडे. वहिनींच्या डोळ्यांपुढे मागच्या खोलीतल्या बॅगा आल्या आणि खुंटीवरचं लेकीचं दप्तर. त्यांनी गळ्याचा मफलर सोडला. मोबाईलकडे बोट केलं आणि कारखान्यात कानावर पडलेले तिकडचे शब्द जुळवले.

"ती... बोलते." मग स्वतःच्या छातीवर हात. "मी... घडी."

इतक्या दिवसांचा दाबलेला आवाज एकदम सुटला तो थेट माहेरच्या गल्लीतला. यंत्रांच्या घरघरीवरून तो पार दारापर्यंत गेला.

मुकादमीण मोबाईलवर वाकून खूप वेळ बोलली. मग तिने वहिनींच्या हातातला मफलर काढून घेतला आणि लांब दारापाशी खुंटीला अडकवला. आता आपल्यालाही तेच दार, वहिनींनी मनाशी म्हटलं. पण मुकादमीण परत आली, ढिगातल्या चादरीचं एक टोक तिने उचललं आणि दुसरं टोक कोण धरतंय म्हणून भुवया उडवून बघत राहिली.

घरी आल्या आल्या वहिनींनी विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

"मला म्हणाली ते सांगण्यासारखं नाही," वन्सं खाली मान घालून म्हणाल्या. "पण तुझा तो मफलर रोलरमध्ये अडकेल म्हणून ती रोज जीव मुठीत धरून असायची. मागे एकीचा रुमाल असाच ओढला गेला होता."

"आणि काम?"

"चाचणीचा महिना संपेपर्यंत आहे. पुढचं पुढे. पण रोज सकाळी तुझ्या तोंडून एक नवं वाक्य ऐकणार आहे ती. चुकलं तरी चालेल म्हणाली. माझ्या तोंडचं चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी उघड्या गळ्याने बसथांब्यावर उभ्या होत्या. लेकीने घोकवून घेतलेलं वाक्य एवढंच होतं: आज फार थंडी आहे. बस येईपर्यंत एकदा म्हणून बघावं म्हणून त्या पुटपुटल्या, पण त्यांचं पुटपुटणं ते! शेजारच्या अनोळखी बाईने मान वळवली, हसून 'हो ना' म्हणाली आणि पुढे काहीतरी विचारून उत्तराची वाट बघू लागली.

दुसरं वाक्य वहिनींकडे नव्हतं. हात सवयीने गळ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं.