त्यानं नाकारलं

कचेरीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांची ती दुभाषीबाई. सव्वीस वर्षं एकच काम. लोक आपल्या भाषेत जे सांगतील ते इंग्रजीत उतरवायचं, आणि इंग्रजीत जे ठरेल ते लोकांना समजेल असं सांगायचं. कामगार न्यायालयाच्या तळमजल्यावर जिन्याखालची खोली तिची. टेबलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली जुन्या शब्दकोशाचा फाटका खंड सरकवलेला. "कोशाचा एवढा उपयोग आमच्या खात्यात दुसऱ्या कुणी केला नसेल," असं ती स्वतःच म्हणायची. कामाला मात्र वाघ. पानंच्या पानं उतरवायची, खाडाखोड नाही. नव्या वकिलांना जुने वकील सांगत, "बाईंचा कागद असला की पुन्हा ताडून बघायची गरज नाही."

एका दुपारी तिच्याकडे पन्नाशीची एक बाई आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला निकाल. कागदाच्या कारखान्यातल्या बॉयलरवाल्याची ती बायको. दीड वर्षापूर्वी बॉयलर फुटला, त्यात तो गेला. चौकशी झाली, आठ महिन्यांपूर्वी निकाल लागला आणि दोष त्याच्याच माथी आला.

"निकाल काय लागला ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण लोक म्हणतात, तो खोटं बोलला असं कागदात लिहिलंय. कुठं लिहिलंय ते मला शब्दन् शब्द ऐकायचंय."

दुभाषीबाईनं चष्मा लावला आणि इंग्रजीवरून बोट फिरवत वाचायला लागली. "साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे व्हॉल्व गळत होता. सुपरवायझर सकाळी येऊन बॉयलरवाल्याशी बोलले. त्यानं नाकारलं..."

"हो, नाकारलंच की!" बायको मधेच म्हणाली. "सकाळी घरातून निघतानाच सांगून गेले होते, आज कुणी काही म्हणो, मी बॉयलर पेटवणार नाही म्हणून. पुढं वाचा."

"...यावरून त्यानं बिघाड लपवला हे उघड होतं."

बायकोच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लपवला कसा? बिघाड आहे म्हणून तर नाही म्हणाले ना? नाकारलं म्हणता आणि लपवलं म्हणता. मी अडाणी आहे, पण हे दोन्ही एकाच वेळी कसं होईल, सांगा."

दुभाषीबाईचं बोट कागदावर थांबलं. तिथं इंग्रजीत 'डिनाइड' होतं.

तिनं तो शब्द पुन्हा वाचला. तिचा नवरा शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. दरवर्षी तो मुलांना एकच उदाहरण द्यायचा: गृहपाठ करणार नाही म्हणणारा पोरगा 'रिफ्यूज' करतो, आणि न करताच केलाय म्हणणारा 'गृहपाठ केला नाहीस' हा आरोप 'डिनाय' करतो. पहिला निदान खरं बोलतो! वर्ग हसायचा. घरी ऐकून ऐकून तीही हसायची. एक शब्द म्हणजे करायला नकार देणं, दुसरा म्हणजे ते खरं नाही असं म्हणणं. आपल्याकडे दोन्हीला 'नाकारलं' चालतं. इंग्रजीत चालत नाही; 'डिनाइड' वाचून व्हॉल्व गळतोय हेच त्यानं नाकारलं असा अर्थ होतो.

"उद्या या," ती कशीबशी म्हणाली. "मला मूळ साक्ष बघायची आहे."

मूळ साक्ष दप्तरखान्यात मिळाली. साक्षीदार म्हणजे भट्टीवर कोळसा टाकणारा एक म्हातारा, सगळे त्याला मामा म्हणत. साक्ष आपल्या भाषेत होती, जेमतेम सहा वाक्यं: 'व्हॉल्व गळतोय हे आम्हा भट्टीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर आले, बॉयलरवाल्याशी बोलले. त्यानं नाकारलं. मग बॉयलर पेटला. थोड्या वेळानं तो आत धावला. मग फुटला.' खाली इंग्रजी भाषांतर आणि तिची स्वतःची वळणदार सही. न्यायाधीशांनी निकाल दिला तो त्या इंग्रजीवरून. तिनं तारीख बघितली. त्या दिवशी तिनं अशा अकरा साक्षी उतरवल्या होत्या. ही नववी.

संध्याकाळी ती मामाच्या खोलीवर गेली. मामा खाटेवर बसून खोकत होता. तिनं विचारलं, "मामा, सुपरवायझर बोलले आणि बॉयलरवाल्यानं नाकारलं असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे नक्की काय झालं?"

"नक्की काय म्हणजे? साहेब म्हणाले पेटव. तो म्हणाला, व्हॉल्व बदलल्याशिवाय हात लावणार नाही. साहेब चिडले, दुसऱ्याला बोलावून पेटवून घेतला. हा बाहेर उभा. मग दारातून दाबाचा काटा वर चढलेला दिसला, तसा वाफ सोडायला आत पळाला. आत दोघं होते, त्यांना ढकलून बाहेर काढलं. स्वतः राहिला." मामानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच तर लिहून घेतलंत, बाई. मी सरळच सांगितलं होतं."

"हो. तुम्ही सरळच सांगितलं होतं."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं साक्षीची सहाही वाक्यं तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. "संदर्भ नव्हता गं," शेवटी तो म्हणाला. "सहा वाक्यांत कुणीही फसलं असतं."

"विचारता आलं असतं. म्हातारा समोर बसला होता. नाकारलं म्हणजे काय, एवढं विचारायला किती वेळ लागतो? मला दोन साक्षी उरकायच्या होत्या."

त्यानं ताटं वाढली. जेवताना तिनं चार घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती न्यायालयाच्या प्रबंधकांकडे गेली. प्रबंधक भला माणूस, तिच्या बरोबरीनंच नोकरीला लागलेला. त्यानं दार लोटून घेतलं. "बाई, तुमच्या निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. तक्रार कुणाची नाही. प्रकरण बंद झालंय. आपल्याच पायावर कुऱ्हाड का मारून घेताय? आणि एक सांगतो, हे उघड झालं की तुमचा प्रत्येक कागद लोक उकरून काढतील."

"काढू देत."

"सव्वीस वर्षांच्या नावावर पाणी सोडाल."

"तो मेलाय," ती म्हणाली. "आणि त्याच्या नावावर मी पाणी सोडलंय. तेही न विचारता."

तिनं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, इंग्रजीत आणि आपल्या भाषेत, आणि दोन्ही शब्दांतला फरक चार ओळींत मांडला. फेरसुनावणी तीन महिन्यांनी लागली. आजवर ती साक्षीदाराच्या शेजारी उभी राहत आली होती, त्या दिवशी पिंजऱ्यात ती एकटी होती. कारखान्याचा वकील तरुण होता, पण हुशार.

"बाई, सव्वीस वर्षांत अशा किती चुका केल्यात?"

"माहीत नाही. ही एक माहीत आहे."

"म्हणजे तुमच्या इतर कामावरही विश्वास ठेवू नये?"

"ताडून बघावं," ती म्हणाली. "आधीच बघायला हवं होतं. तुम्हीही, मीही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग मामाला पुन्हा बोलावलं. या वेळी दुसरा दुभाषी होता, आणि त्यानं प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारलं.

निकाल बदलला. बॉयलरवाल्यानं बॉयलर पेटवायला नकार दिला होता, दोष त्याचा नाही, जबाबदारी सुपरवायझरची आणि कारखान्याची, असं दीड पानात लिहून आलं. दुभाषीबाईकडून साक्षींचं काम काढून घेतलं आणि तिला आवक-जावक विभागात शिक्के मारायला बसवलं. तिनं तक्रार केली नाही. तिच्या जुन्या कागदांपैकी चार तपासायला मागवले गेले. तीन ठीक निघाले, एकात गावाचं नाव चुकलेलं.

नव्या निकालाची प्रत घ्यायला बॉयलरवाल्याची बायको आली. दुभाषीबाई उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं कितीदा ठरवलं होतं. तिनं हात जोडले.

"माफी मागू नका," बायकोच म्हणाली. "मागितलीत तर मला काहीतरी म्हणावं लागेल, आणि ते माझ्या तोंडात अजून नाही. जवळजवळ वर्षभर माझी लेक कारखान्याच्या रस्त्यानं जायची नाही. लोक तोंडावर म्हणायचे, बापानं दोघांना मरणाच्या दारात नेलं."

"मी काय करू?"

"उद्या दुपारी पाळी सुटते तेव्हा गेटवर या. हे तिथं मोठ्यानं वाचा. आधीचं तुम्ही लिहिलंत, आता हे तुम्हीच वाचा."

दुभाषीबाई गेली. नवरा सोबत येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. भोंगा झाला, माणसं डबे हातात घेऊन बाहेर पडू लागली. बायको आणि तिची लेक गेटच्या खांबाशी उभ्या होत्या. मामाही आला होता. दुभाषीबाईनं घसा साफ केला. ती जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं बोलत आली होती, पण हे पहिलं वाक्य तिचं स्वतःचं होतं: "मी एक शब्द चुकीचा लिहिला, त्यामुळे तुम्ही एका चांगल्या माणसाबद्दल वाईट ऐकलंत." मग तिनं दीड पान वाचलं. घरी जायची घाई असलेली माणसं एकेक करून थांबत गेली. स्फोटातून वाचलेल्या दोघांपैकी एक पुढं येऊन लेकीसमोर उभा राहिला.

वाचून झाल्यावर बायकोनं तिच्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली. "पुन्हा एकदा वाचाल?" तिनं विचारलं. "पहिल्या पाळीचे गेलेत. दुसऱ्या पाळीचे आता आत जातायत, त्यांनी ऐकलं नाही."

दुभाषीबाईनं कागद परत घेतला आणि सुरुवातीपासून वाचायला लागली.