पॉइंटांवरचं तिकीट आणि खिडकीतून उजनी

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातून मशिनं बसवून द्यायला मी महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जाते. तीन विमान कंपन्यांची सदस्य होते. तिन्हीकडे प्रवासाचे थोडे थोडे पॉइंट; पुरेसे साठले की फुकट तिकीट. त्यातल्या एकीकडचे न वापरताच संपून गेले, तेव्हा ठरवलं, आता एकच कंपनी धरायची.

खरेदी विभागातल्या मीनाताई म्हणाल्या, "कार्डाचा रंग बघू नकोस. तुझ्या कामाच्या गावांना थेट कोण जातं, पॉइंट कधी संपतात आणि त्यावर घरचं माणूस नेता येतं का, एवढंच बघ."

घरचं माणूस म्हणताच मला आत्या आठवली. लग्न होऊन ती सासरी गेली आणि मागे तिचं माहेर उजनी धरणात गेलं. तेव्हापासून इंदापूरच्या पुढे, त्याच पाण्याच्या काठी ती केळी पिकवते. पुणे-हैदराबाद विमानातून ते पाणी मी कितीदा पाहिलं होतं. म्हणून बाकी दोघींचे चकचकीत लाउंज सोडून दुपारी थेट हैदराबादला नेणारी साधी कंपनी निवडली.

आत्या आधी नाहीच म्हणाली. "पडलं-बिडलं म्हंजे?"

"वरून सगळं पाणी दिसतं, आत्या."

"जुनं गावबी?"

"मला ओळखू येत नाही. तुला येईल."

मे महिन्यात निघालो. सकाळी सहाला मी भाड्याच्या गाडीने सोलापूर सोडलं, वाटेत आत्याला घेतलं, तिच्याच ओट्यावर भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. बाराच्या सुमारास पुणे विमानतळ. पॉइंटांच्या तिकिटावरही कर भरावाच लागतो, हे लक्षात असू द्या. आणि जागा उजवीकडची घ्या, पंखाच्या पुढची.

उड्डाणानंतर पंधराएक मिनिटांनी खाली पाणी चमकलं. उन्हाळ्याने ते आटलं होतं. कडेच्या गाळातून नदीचं मूळ वळण काळंभोर उमटलं होतं. आत्याने माझं मनगट गच्च धरलं.

"ती वाकण बघ. तिच्या पोटात आमचा मळा. आन् त्या टेकाडाखाली गाव. तितंच, तितंच!"

इतक्या वर्षांत मला तिथे फक्त पाणी दिसलं होतं. वडिलांचंही गाव तेच, पण ते कधी बोलले नाहीत. आत्याचं बोट काचेवर सरकत होतं आणि पाण्याखालून एकेक वाट, एकेक वस्ती वर येत होती.

हवाई सुंदरीने पाणी विचारलं. मागे न बघता आत्या म्हणाली, "थांब बाय, माजं माहेर चाललंय."

चार मिनिटांत सगळं मागे गेलं. ती हळूच म्हणाली, "येवढंच हुतं व्हय गं? आमाला वाटायचं, जग हाय."

हैदराबादला माझं काम दोन दिवस चाललं. आत्या माझ्याबरोबर हॉटेलातच राहिली. तिथली बिर्याणी तिला तिखट लागली नाही. परतीला रेल्वे धरली, सहा-सात तासांत सोलापूर.

कुठल्या कंपनीचे पॉइंट चांगले, असं मला आता बरेच जण विचारतात. मी आधी विचारते, कुणाला न्यायचंय?

परवा आत्याचा फोन आला. शेजारच्या इंदूबाईंचं माहेरही त्याच पाण्यात आहे म्हणे. "तुज्या त्या पॉइंटात आजून एक मानूस बसंल का गं?"

पॉइंट थोडे कमी पडतायत. कोइंबतूरच्या कामाला कुणी जायला तयार नव्हतं. काल मीच हात वर केला.