रिठातली वीतभर जागा

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली आहे. वडील शाळामास्तर, मी स्वतः सातवी पास... अंगात येणाऱ्या एका बाईला तर मी तोंडावर ‘नाटक बंद कर’ म्हटलं होतं. तरी हे लिहून राहिले, कारण प्रश्न माझ्या लेकराचा होता.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. इटियाडोहचं धरण तेव्हा व्हायचं होतं. माझं सासर केशोरीकडचं; धानाची शेती नि गावची एक बोडी, म्हणजे लहान तळं. बोडीच्या पलीकडे आमचं जुनं गाव. सासऱ्यांच्या लहानपणी पटकीच्या साथीत तिथली घरंच्या घरं रिकामी झाली आणि उरलेले लोक अलीकडे येऊन राहिले. अशा ओसाड गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. पण हे रीठ कोणी मोडू दिलं नाही. एक दार, छपराचं एक कवेलू कोणी उचललं नाही. दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधी गावच्या सुना जात आणि आपापल्या जुन्या घराची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, शेणानं लिपून येत.

नियम एकच – पायरीपाशी वीतभर जागा कोरी सोडायची. त्या वर्षी मी लिपायला निघाले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, “पूर्ण लिपू नको वो. पूर्ण लिपलं का घर नांदतं होते, अन् नांदत्या घराले मालकीण लागते.”

मी मनात म्हटलं, वा रे रीत! माहेरी असं अर्धवट लिपलं असतं तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. माझं लिपण पाहायला शेजारणी यायच्या, एवढा मला त्याचा तोरा.

सकाळीच गेलो – मी, मोठ्या जाऊबाई आणि आणखी पाच-सहा जणी. तीन महिन्यांचा मुलगा सासूबाईंपाशी होता. दुपारच्या आत येऊन त्याला पाजायचं होतं. बाकीच्या भराभर उरकून निघाल्या. मी मागं सरकत लिपत पायरीपाशी आले, पण ती कोरी वीत डोळ्यांत खुपत होती... शेवटी हात फिरवलाच. मग बादली उचलली नि निघाले.

रिठात गल्ली एकच. तिच्या टोकाला चिंच, चिंचेनंतर बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि पाळीवरून गाव दिसतं. मी चिंच ओलांडली – आणि समोर माझीच ओली सपरी.

वाट चुकले म्हणून स्वतःलाच हसले. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गल्ली सोडून सरळ धानाच्या बांधीत शिरले. नुकती कापणी झालेली, धसकटं पायात घुसली, रक्त आलं. मान वर केली तर सपरी! जाऊबाईंना हाका मारल्या. पाळीवरून त्यांचं बोलणं, हसणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, पण ओ कोणी देईना. कुठं भिंत नाही, कुंपण नाही, तरी मला बाहेर पडता येईना. तेवढ्यात पान्हा फुटला, चोळी भिजली. बाळ उठलं असणार, भुकेनं कळवळत असणार... मी तिथंच मटकन बसले आणि रडले. हो, मी.

बसल्यावर ते दिसलं. ओल्या लिपणावर पावलं उमटली होती. बाईची, अनवाणी. आतल्या दारापासून निघून पायरीवरून बाहेर गेलेली... परत आलेली नाहीत. आणि त्या दाराची कडी तर बाहेरून लावलेलीच होती.

सासूबाईंचं बोलणं तेव्हा आठवलं. ती वीत मी नखांनी खरवडली, खालची जुनी माती दिसेपर्यंत. उठले, चालू लागले. चिंच आली, पाळ आली. पाळीवर जाऊबाई उभ्या होत्या, त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “तू तं मंघाच समोर गेली होती नं वो?”

मी घराकडे पळत सुटले. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं. रडलं का म्हणून विचारलं तर सासूबाई चिडल्याच.

“आत्ताच तं पाजलं तू त्याले. एक शब्द बोलली नाही. कडेवर घेऊन दारापर्यंत गेली, अन् एकदम पोराले पाळण्यात टाकून पळाली. काऊन, काय झालं होतं?”

दारापर्यंत गेली होती... मी आणखी थोडा वेळ रडत बसले असते तर?

तो मुलगा आता आजोबा झाला आहे, नागपूरला असतो. म्हणतो, आजीची नजर अधू होती, शेजारची कोणी येऊन पाजून गेली असेल. तुला उन्हाची भोवळ आली असेल. असेल बाबा. शेजारपाजारी तेव्हा दुसरी अंगावर पाजणारी बाई नव्हती हे मी सांगते, तर हसतो. उलगडा माझ्याकडेही नाही, आणि आता तो होईल असंही वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या दुपारी मी त्याला झोपेतून उठवून छातीशी धरलं. दूध नुसतं वाहत होतं. त्यानं तोंड फिरवलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला भूक लागली नाही.