मोजणी जुळली होती

समोरच्या दारातल्या जावयाला आमची अख्खी इमारत ‘जुळलं’ म्हणते. नाव मीच ठेवलं, पाप माझ्या माथी. माणूस सरळ, पण मोजल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजतो, अंडी दारातच मोजून घेतो, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावतो आणि शेवटी स्वतःशीच पुटपुटतो, “जुळलं!” एकदा त्याच्या दोरीवर आमच्या ह्यांचा एकच मोजा मी हळूच अडकवून आले. तीन दिवस बिचारा झुरत होता.

काम कॉम्प्युटरचं. एका मोठ्या हॉस्पिटलसाठी त्याने औषधांच्या यादीची सोय केली होती. मला समजावायला बसला तेव्हा मी मुद्दाम मठ्ठ चेहरा केला.

“काकू, खाट नंबर आणि तिच्या रुग्णाचा डोस, अशी एकेक जोडी. चाळीस खाटा, चाळीस जोड्या. त्या खालच्या मोठ्या मशीनमधून वर नर्सच्या पडद्यावर पाठवायच्या. वाटेत त्यांची घडी घालायची, तिकडे पोचल्या की उलगडायची.”

“म्हणजे इस्त्रीवाला आहेस तू.”

“आणि सगळ्या जोड्यांच्या डोक्यावर मी माझी एक खूण ठेवली आहे,” तो अभिमानाने म्हणाला. “यादी कच्ची की पक्की. दुपारी छोटे डॉक्टर कच्ची भरतात. संध्याकाळी मोठे डॉक्टर रक्ताचे रिपोर्ट बघून ती पक्की करतात. कच्ची असली की पडद्यावर लाल पट्टी येते. पट्टी असेपर्यंत नर्स गोळी देत नाही.”

गुरुवारी हे सुरू झालं. आधी सगळं साध्या कागदावर चालायचं, कच्च्या यादीवर लाल पट्टी हाताने ओढलेली असायची. ह्याने चाळीस पाठवल्या, तिकडे चाळीस उतरल्या. रात्री मला दारात गाठून सांगितलं. काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको.

त्याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर, त्याच्या सासूबाई होत्या. हृदयाचं दुखणं, रक्त पातळ ठेवायची गोळी. बाई म्हणजे तोफ. मी शुक्रवारी भेटायला गेले तर म्हणाल्या, “दात घासले की हिरड्यांतून रक्त येतंय. कुणाला सांगायचं?”

“जोरात घासत असाल,” मी म्हटलं. “जावयावरचा राग दातांवर काढू नका.”

त्या हसल्या, पण हसू नेहमीसारखं लांबलं नाही. शनिवारी दंडावर निळा डाग होता, रुपयाएवढा. त्यांची मुलगी म्हणाली, “आई, खाटेच्या कठड्याला लागलं असेल.” नर्स म्हणाली, “ह्या वयात होतं.” आणि मी, जिला सगळ्यांच्या घरातलं सगळं दिसतं, मी म्हटलं, “तक्रारीला नवा विषय मिळाला!” रविवारी सकाळी डाग तळहाताएवढा झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत. तोफ गप्प बसली की घरच्यांना बरं वाटतं. मला त्या दिवशी नाही वाटलं.

दुपारी माझ्या स्वयंपाकघरात रंगारी येणार होता, म्हणून बरण्या हलवायच्या होत्या. ‘जुळलं’ला हाक मारली. त्याने जुन्या फळीवरच्या बरण्या लेबलांसकट उचलल्या आणि नव्या फळीवर मांडल्या.

“अकरा गेल्या, अकरा आल्या. जुळलं!”

“आणि फळीची चिठ्ठी?”

“कसली चिठ्ठी?”

“फळीच्या कडेला चिकटवली होती ती. ‘ह्यातलं काही वापरू नका, मुंग्यांची पावडर सांडली आहे.’ आता सूनबाई येईल आणि सरळ चहात साखर घालेल. मग बसा मोजत.”

मी हसत होते. तो हसला नाही. बरण्यांकडे बघत राहिला.

“काकू, चिठ्ठी बरणीवर नव्हती. फळीवर होती.”

“हो, मग?”

“हॉस्पिटलातला माझा पाठवणारा प्रोग्रॅमही फक्त बरण्या बघतो. जोड्या दिसल्या की त्या बांधतो. फळीवर काय लिहिलंय ते त्याच्या हिशेबातच नाही. आणि तिकडे उलगडणारा स्वतःची कोरी फळी घेतो.” त्याने नव्या फळीच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. “मी तिकडे लिहिलंय, खूण ‘कच्ची’ असेल तर लाल पट्टी दाखव. खूणच पोचली नाही तर...”

“तर मशीन ओरडेल ना?”

“नाही ओरडणार. जेवढ्या जोड्या गेल्या तेवढ्या पोचल्या की.”

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. पाचला वॉर्डात गोळ्या वाटतात.

त्याने माझ्याच फोनवरून वॉर्डात फोन लावला. घंटी वाजत राहिली. शेवटी नर्सने उचलला.

“सिस्टर, मी यादीवाला. लाल पट्टी शेवटची कधी दिसली?”

“बुधवारी, कागदावर. नवीन आल्यापासून सगळं पक्कंच येतंय. बरं झालं, थांबावं लागत नाही.”

“सात नंबरला गोळी देऊ नका! कुणालाच देऊ नका. मोठ्या डॉक्टरांना आत्ता बोलवा. चूक माझी आहे, माझं नाव लिहून घ्या.”

पलीकडून ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. गोळी कपातच होती. सासूबाई मागून ओरडल्या, “जावईबापूंना सांगा, पाणी तरी पिऊ द्या!” मला हुंदका आला आणि हसूही.

मोठे डॉक्टर आले. सासूबाईंचं रक्त लगेच तपासलं, उतारा दिला. वाचल्या. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर नसत्या, असं ते ह्याला तोंडावर म्हणाले.

पण ते नंतर. फोन चालू असताना ह्याने एकेका खाटेची विचारपूस सुरू केली होती. एक. दोन. तीन. नर्स सांगत होती, हा खूण करत होता. तेवीसला ती थांबली.

“तेवीस रिकामी आहे.”

“घरी गेले?”

“नाही. काल पहाटे. डोक्यात रक्तस्राव झाला. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले.”

ह्याने पेन खाली ठेवलं नाही. तेवीसच्या पुढची जागा कोरी सोडली आणि चोवीस विचारलं. चाळीसपर्यंत गेला. मग कागद उचलला आणि हॉस्पिटलात आता जी चौकशी होईल तिला द्यायला स्वतःच निघाला.

मी दारात उभी राहून ऐकत होते. जिन्यावर पावलं वाजत होती. पायऱ्या तो मोजत नव्हता.