चार घमेली माती

'ज्या हातांनी झाड लावलं, ते हात कधी मरत नाहीत.' आमच्या शाळेच्या अंगणात काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत हे वाक्य कोरलेलं आहे. त्याच्या शेजारी हापूसचं एक कलम आहे. फलक कलमापेक्षा उंच आहे.

तीन वर्षांपूर्वीचा तो कलम लावण्याचा दिवस मला आठवतो. शाळा रत्नागिरी शहराच्या वरच्या सड्यावर, म्हणजे पायाखाली सगळा कातळ. इथे झाड लावायचं तर आधी खड्डा फोडून घ्यावा लागतो आणि माती बाहेरून आणून भरावी लागते. ते काम चिरेखाणीवरच्या दोन माणसांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. पाहुणे आले, त्यांनी कलम खड्ड्यात ठेवलं, कॅमेऱ्याकडे बघत फावड्याने माती लोटली. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले आले म्हणून आणखी थोडी लोटली. मग हात धुतले, भाषण झालं, शहाळी झाली. ते न मरणारे हात पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत.

कलमही जिथल्या तिथे राहिलं. मेलं नाही, एवढंच. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे झाडंझुडपं आपोआप माझ्याकडे येतात. दरवर्षी पावसाळा सरला की मी मुलांकडून कलमाच्या आळ्यात नवी माती घालून घेई. आमच्याकडे याला भर घालणं म्हणतात. सगळे घालतात, म्हणून मीही घालत होते.

माझी खोली शाळेपासून पाच मिनिटांवर. साडेपाचच्या एसटीने बाकीचे शिक्षक खाली शहरात जातात आणि मग दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत माझ्याशी कोणाला काही बोलायचं नसतं. नवरा होता तोवर माझं प्रत्येक म्हणणं खोडून काढणारं घरात कोणीतरी होतं. तो गेल्यापासून खोडणारं कोणी उरलं नाही. अशाने माणूस हळूहळू नेहमीच बरोबर असायला लागतो. फार वाईट सवय.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. बाप मुंबईला, ती इथे आजोबांजवळ. मी काहीही शिकवलं की तिचा हात वर. "बाई, असं कसं?" हा तिचा ठरलेला प्रश्न. मी वैतागल्यासारखं दाखवायची आणि संध्याकाळी चहा करताना तिला द्यायचं उत्तर मनात घोळवायची. माझ्या दिवसातला तो एकमेव संवाद होता.

पहिल्या चाचणीत मी प्रश्न घातला: झाडाला वाढण्यासाठी लागणारं अन्न कुठून मिळतं? तिने लिहिलं, 'कलम माती खातं. वर्षाला चार घमेली. मी स्वतः घातली आहे.'

मी लाल शून्य दिलं. तिथे थांबायला हवं होतं. पण उत्तर गमतीचं वाटलं, म्हणून वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मागून कोणीतरी ओरडलं, "चार घमेली, डबा खाल्लास काय?" मी ते ऐकलं आणि स्टाफरूममध्ये गेले.

त्यानंतर तिचा हात वर आला नाही. पुढच्या चाचणीत तिने हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड असं सगळं पुस्तकाप्रमाणे उतरवलं. मी पूर्ण गुण दिले. वही परत देताना विचारलं, "पटलं ना आता?"

"हो बाई," ती म्हणाली. न पटलेल्या माणसाचा 'हो' मला ओळखता येतो. मीही तो प्रत्येक प्रशिक्षणात देत आले आहे. अशाच एका प्रशिक्षणात भल्या मोठ्या पडद्यावर लिहिलं होतं, 'गैरसमज मुळासकट उपटा', आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत करण्यासारखं काही नव्हतं. एका सकाळी चालत तिच्या वाडीकडे गेले. कशासाठी, ते माझं मलाही धड ठाऊक नव्हतं. ती आणि तिचे आजोबा बागेत होते. ती डोक्यावरून घमेलं आणत होती आणि आजोबा ते कलमाच्या बुंध्याशी ओतत होते.

मी विचारलं, "दरवर्षी घालावी लागते?"

"तर काय." त्यांनी आळ्याभोवती रचलेल्या चिऱ्यांवर बोट ठेवलं. चिऱ्यावर मातीची जुनी रेघ होती आणि माती तिच्याखाली वीतभर उतरली होती. "गेल्या साली इथवर होती. कलमानं खाल्लीन."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. माझ्याजवळ पुस्तक होतं. तिच्याजवळ दर वर्षाची रेघ होती, घमेल्यांची मोजदाद होती आणि दुखणारी मान होती. उत्तर चूकच होतं. पण ते बघून दिलेलं होतं, आणि मी माझं बरोबर उत्तर कधी बघितलेलंच नव्हतं.

शाळा उघडल्यावर मी वर्गात एक टब आणला. माती उन्हात खडखडीत वाळवून दुकानातल्या काट्यावर मोजली, बरोबर दहा किलो. टबात पडवळाचं बी लावलं आणि टब व्हरांड्यात छपराखाली ठेवला. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, वेल वाढल्यावर माती किती उरेल. मीही लिहिलं. मुलीने लिहिलं, 'निम्मी.' कागद दुमडून कपाटात ठेवले.

वेल खांबावरून छपराला लागला. पडवळं मुलांच्या डोक्यावर लोंबायला लागली तेव्हा मुख्याध्यापकांनी ती स्वयंपाकाच्या मावशींकडे द्यायला लावली. आम्ही ती मोजून दिली. फेब्रुवारीत वेल उपटला, मुळांची माती झटकली, पुन्हा वाळवली, पुन्हा काट्यावर चढवली. दहा किलोला जेमतेम मूठभर कमी भरली. वेल आणि पडवळं मिळून त्याच्या कितीतरी पट.

आम्ही कपाटातले कागद उघडून बघितले. मग मागच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, मूठभर तरी खाल्लीनच."

कित्येक महिन्यांनी मी तो आवाज वर्गात ऐकला. "मूठभर कबूल," मी म्हणाले. "बाकीचा वेल कशाचा?"

"पाण्याचा."

"पाणी वाळवून टाकलं तरी काडी उरते. ती?"

"मग काय हवेची?" ती चेष्टेने म्हणाली.

"हवेची."

"बाई, असं कसं?"

ते दोन तास चाललं. घंटा झाली तरी चाललं. बाटलीतल्या हवेला वजन असतं का, इथपर्यंत आलो. शेवटी ती म्हणाली, "मग आमची चार घमेली जातात कुठे?"

"तूच सांग. टबातली गेली नाही. टब कुठे होता?"

तिने खिडकीतून व्हरांड्याच्या छपराकडे बघितलं. "छपराखाली," ती म्हणाली. "आमच्या बागेखालून पऱ्या वाहतो, त्याचं पाणी पावसात तांबडं होतं." मग म्हणाली, "आजोबांना मीच सांगणार. तुम्ही नका सांगू."

वार्षिक परीक्षा संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली. जूनपासून बाप तिला मुंबईला नेणार होता. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार.

"बाई, झाड माती खात नाही ना?"

"फारशी नाही."

"मग तुम्ही शाळेच्या कलमाला दरवर्षी आमच्याकडून भर का घालून घेता?"

मी दारातून अंगणातल्या कलमाकडे बघितलं. तीच पुढे बोलू लागली.

"इथला पाऊस माती नेत नाही, भिंतीचा आडोसा आहे. तरी कलम वाढत नाही. म्हणजे दुखणं दुसरंच आहे. मी जायच्या आधी खणून बघूया."

मुख्याध्यापक मोठ्या संकटात पडले. "मॅडम, पाहुण्यांच्या हातचं झाड आहे ते. मेलं म्हणजे?"

"झाडाचं सांगता येत नाही, सर. हात मरत नाहीत, असं लिहिलंय."

ते फलकाकडे बघून आत गेले. तेवढी परवानगी आम्हाला पुरेशी होती.

तिने कुदळ घेतली, मी फावडं. ऊन चढायच्या आत हातभर खणून झालं. मध्ये एकदा तिने मला मुंबईचा पत्ता देऊ का विचारलं. मी म्हटलं, दे, पण पत्रात 'हो बाई' लिहायचं असेल तर लिहू नकोस. ती हसली आणि पुढच्या घावाला कुदळ कशात तरी अडकली.

काळं प्लास्टिक होतं. मुळं त्याच्या आतल्या आत गोल गोल फिरून एकमेकांवर गुंडाळली गेली होती. तिने पिशवी ब्लेडने हळूच उभी फाडली आणि मातीत पुसून माझ्यासमोर धरली. पांढरी अक्षरं अजून वाचता येत होती. रोपवाटिकेची सूचना: 'लागवडीपूर्वी पिशवी काढावी.'